सिस्टीमनं कापले

ऑगस्ट २०२४ मधला राखीपौर्णिमेचा आठवडा. ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेचे पहिले दोन हप्ते, म्हणजे तीन हजार रुपये, राज्यभरातल्या बायकांच्या खात्यांत एकगठ्ठा जमा होऊ लागले. मोबाइलवर मेसेज आले, बँकांच्या दारांत रांगा लागल्या. रांगेतून खिडकीपाशी पोचलेल्या काहीजणींना मात्र कळलं, की तीन हजार आले होते, पण आता तेवढे नाहीत. मधल्या मध्ये कपात झाली होती. ओरड झाली, बातम्या आल्या, आणि या पैशातून कसलीही कपात करू नका, असं महिला व बालविकास मंत्री आदिती तटकरे यांना बँकांना बजावावं लागलं.

बँकांनी नियम मोडला असं यात सरसकट म्हणता येत नाही, आणि खरी अडचण तिथेच आहे. अशी कितीतरी खाती कधीकाळी गॅसच्या अनुदानासाठी, बचत गटासाठी, पोराच्या शिष्यवृत्तीसाठी उघडलेली असतात. काम झालं की त्यांत शे-दोनशे रुपये पडून राहतात. जनधन खातं असेल तर किमान शिल्लकीची अट नसते, पण प्रत्येकीचं खातं जनधन नसतं. साध्या बचत खात्यात ठरलेली शिल्लक नाही म्हणून दर महिन्याला किंवा तिमाहीला दंड लागत जातो. होते ते शे-दोनशे त्यात संपतात. पुढे वसूल करायलाच काही उरत नाही. केवळ दंडामुळे बचत खातं उणे जाता कामा नये, असा रिझर्व्ह बँकेचा नोव्हेंबर २०१४ चा आदेश आहे. त्यामुळे पासबुकात उणे आकडा दिसत नाही. तो संगणकात येणं म्हणून थांबून राहतो आणि खात्यात पैसे पडले की सगळ्यांच्या आधी आपला वाटा उचलतो. घरखर्चाला, औषधाला, फीला आलेला पैसा आधी त्या जुन्या दंडाला जातो. बाईला त्याचा पत्ता लागतो तो पैसे गेल्यावर.

चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात कंत्राटी काम करणारा, मूळ लातूरकडचा एक तरुण अशाच कपातीबद्दल बोलताना हसत होता, पण हसू वैतागाचं होतं. “पैसे कुठं गेले म्हणून इचारलं, तर म्हणले सिस्टीमनं कापले. आता सिस्टीमला कुठं भेटायचं, सांगा.” त्याच्याकडे तीन पासबुकं आहेत. कंत्राटदार बदलला की बँक बदलते, कारण कंत्राटदाराचं खातं जिथे, तिथेच कामगारांची पगारखाती उघडतात. पगारखात्यात किमान शिल्लक लागत नाही. पण साधारण तीन महिने पगार जमा झाला नाही की बहुतेक बँका ते खातं साधं बचत खातं करून टाकतात आणि शिल्लकीची अट लागू होते. म्हणजे माणसाची नोकरी जाते, हाती पैसा नसतो, नेमक्या त्या वेळी बँक त्याच्याकडून शिल्लकीची अपेक्षा करू लागते. दोन वर्षं खातेदाराने काहीच व्यवहार केला नाही तर खातं निष्क्रिय ठरतं आणि निष्क्रिय खात्यावर हा दंड लावायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. पण ती दोन वर्षं भरेपर्यंत दंड चालूच असतो. या तरुणाच्या तीनपैकी दोन खात्यांत आता शून्य आहे. ती बंद का करत नाहीस, असं विचारलं तर म्हणाला, बंद करायला एक दिवसाचा खाडा पडतो आणि आधीची बाकी भरावी लागेल असं सांगतात.

किमान शिल्लक म्हणजे काय, हेही बहुतेकांना नीट सांगितलेलं नसतं. “खात्यात पाच हजार ठेवा,” एवढंच काउंटरवर कानावर पडतं. प्रत्यक्षात पाहिली जाते ती महिन्याची सरासरी: रोज दिवसअखेर जी शिल्लक असेल ती सगळी मिळवायची आणि महिन्याच्या दिवसांनी भागायची. आता दोन खाती घेऊ. सात तारखेला बारा हजार पगार आला आणि दोन दिवसांत भाडं, किराणा, गावाकडे पाठवायचे पैसे यांत संपला, तर त्या महिन्याची सरासरी भरते आठशे. दुसऱ्या कुणी एका रात्रीपुरते तीन लाख खात्यात ठेवले आणि सकाळी काढून घेतले, तर उरलेला महिना खातं रिकामं असूनही त्याची सरासरी दहा हजार. पहिला दंड भरतो, दुसरा सुटतो. अट पैशाची आहे असं आपण समजतो, पण पैसा खात्यात निवांत पडू देण्याची ऐपत कुणाकडे आहे, हे ती तपासत असते.

दंड किती लावायचा, याचा हिशेब आणखी गमतीदार आहे. २०१४ च्या त्याच आदेशात रिझर्व्ह बँकेने सांगितलं, की आधी खातेदाराला कळवा, महिनाभराची मुदत द्या, आणि दंड तुटीच्या प्रमाणातच घ्या. हेतू चांगला होता. दोनशे रुपयांची तूट आणि चार हजारांची तूट यांना एकच दंड नको, हे कुणालाही पटेल. पण तुटीच्या प्रमाणात दंड म्हणजे ज्याच्या खात्यात काहीच नाही त्याला सर्वांत जास्त. अनेक खासगी बँकांचं गणित तुटीच्या सहा टक्के किंवा पाच-सहाशे रुपये, यांपैकी जे कमी ते, असं आहे. दहा हजारांची अट असताना सरासरी चार हजार राहिली, तर तूट सहा हजार, दंड तीनशे साठ, त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण ४२४ रुपये ८० पैसे. हे एका महिन्याचं झालं. महिना सहा टक्के म्हणजे वर्षाला बहात्तर. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याखाली परवानाधारक सावकाराला बिगरशेतकरी माणसाला दिलेल्या विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांच्या वर व्याज घेता येत नाही. सावकार निदान पैसे देतो तरी. इथे बँकेने काही दिलेलंच नाही. खातेदाराने तिच्याकडे जे ठेवलं नाही, त्यावरची ही आकारणी आहे. आणि त्याने ठेवलेल्या पैशावर तिच्याकडून मिळणारं व्याज स्टेट बँकेत आज वर्षाला अडीच टक्के आहे.

हे दर ठरवतं कोण? १९९९ पर्यंत बँकांची संघटना, इंडियन बँक्स असोसिएशन, सेवाशुल्कांचे मापदंड ठरवून देत असे. त्या सप्टेंबरात ती पद्धत बंद झाली आणि शुल्कं ठरवण्याची मोकळीक प्रत्येक बँकेच्या संचालक मंडळाला मिळाली. दर वाजवी असावेत, एवढी अपेक्षा राहिली. वाजवी म्हणजे किती, हे पाहायला २००६ मध्ये रिझर्व्ह बँकेने एक कार्यगट नेमला. त्याचे अध्यक्ष एन. सदाशिवन हे महाराष्ट्र आणि गोव्याचे बँकिंग लोकपाल होते, म्हणजे तक्रारींची रास ज्यांच्या टेबलावर पडते तेच. गटाने मूलभूत सेवांची यादी केली, सामान्य ग्राहकाला दर कमी असावेत, ग्रामीण ग्राहक आणि पेन्शनर यांना आणखी सवलत असावी, असं सुचवलं. २००७ मध्ये ती तत्त्वं बँकांना कळवलीही गेली. आकडा मात्र कुणी बांधून दिला नाही. तो संचालक मंडळांकडेच राहिला.

त्या मोकळिकीचं सर्वांत मोठं प्रात्यक्षिक देशाने २०१७ मध्ये पाहिलं. स्टेट बँकेने २०१२ मध्ये किमान शिल्लकीचा दंड काढून टाकला होता. १ एप्रिल २०१७ पासून तो परत आला: महानगरांत पाच हजार, शहरांत तीन, निमशहरी भागात दोन आणि खेड्यात एक हजारांची अट. तेव्हाच्या अध्यक्ष अरुंधती भट्टाचार्य यांनी कारण दडवलं नाही. बँकेवर कोट्यवधी जनधन खात्यांचा भार आहे, तो पेलायचा तर काही शुल्क घ्यावं लागेल, असं त्यांनी सांगितलं. हा युक्तिवाद समजून घेण्यासारखा आहे. सरकारने गरिबांची खाती फुकट उघडायला लावली, आणि त्या खर्चाचा काही भाग त्यांच्याहून जेमतेम एक पायरी वर असलेल्यांकडून वसूल करायचं ठरलं. रिक्षावाला, कॅन्टीनमधला पोऱ्या, घरकाम करणारी बाई, ज्यांचं खातं जनधनमध्ये बसलं नाही, ते सगळे या पायरीवर. लाखाची ठेव असलेल्याला या खर्चाची झळ लागली नाही.

एप्रिल ते नोव्हेंबर २०१७ या आठ महिन्यांत स्टेट बँकेने या दंडातून १,७७१ कोटी रुपये मिळवले. त्याच वर्षीच्या जुलै ते सप्टेंबर तिमाहीतला तिचा निव्वळ नफा १,५८२ कोटींच्या आसपास होता. हे दोन आकडे शेजारी छापून आले आणि गदारोळ झाला. एप्रिल २०१७ ते जानेवारी २०१८ या काळात किमान शिल्लक नसल्याने बँकेने ४१ लाखांहून अधिक खाती बंद केली, हे माहितीच्या अधिकारात बाहेर आलं. दंड आधी थोडा, मग जवळपास तीन चतुर्थांशाने कमी झाला आणि मार्च २०२० मध्ये सर्व बचत खात्यांसाठी अटच रद्द झाली. देशातली सर्वांत मोठी बँक, तीही सरकारी, दंडावाचून चालू शकते हे त्याच दिवशी सिद्ध झालं. तरी बाकीच्यांना घाई नव्हती. जुलै २०२४ मध्ये लोकसभेत दिलेल्या उत्तरानुसार सरकारी बँकांनी २०१९-२० पासूनच्या पाच वर्षांत या दंडापोटी ८,४९५ कोटी रुपये गोळा केले होते. आदल्या वर्षीचं राज्यसभेतलं उत्तर आणखी मोठं होतं. ते दिलं होतं तेव्हाचे अर्थ राज्यमंत्री डॉ. भागवत कराड यांनी, म्हणजे आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या माणसाने. सरकारी बँका आणि पाच मोठ्या खासगी बँका मिळून २०१८ पासून किमान शिल्लकीच्या दंडाचे २१ हजार कोटी, एटीएमच्या जादा व्यवहारांचे आठ हजार कोटींहून अधिक आणि एसएमएसचे सहा हजार कोटींहून अधिक, अशी पस्तीस हजार कोटींची बेरीज त्यात होती.

बँकेची बाजू ऐकायला एका निवृत्त शाखाधिकाऱ्यांकडे गेलो. आयुष्य पश्चिम महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या शाखांत गेलेलं, बोलणं सरळ. “शंभर रुपयांचं खातं आणि लाखाचं खातं, दोन्हींच्या केवायसीला कागद तेवढेच लागतात. पासबुक तेच, मशीन तेच, माणूस तोच. लाखाच्या खात्यातून आम्हाला काही सुटतं. शंभराच्या खात्याचं काय करायचं?” प्रश्न चुकीचा नाही. रोकड हाताळायला पैसा लागतो, खेड्यातली शाखा चालवायला लागतो. मग दर खात्यामागे खर्च किती, हे बँका का सांगत नाहीत, असं विचारल्यावर ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “वरून फी इन्कमचं टार्गेट येतं हो. खर्च किती झाला हे शाखेला कुणी विचारत नाही. शुल्क किती जमलं हे दर आठवड्याला विचारतात.”

दंड मागे घेण्याचा थोडाफार अधिकार शाखेकडे असतो. तो कुणासाठी वापरायचात, असंही विचारलं. उत्तर प्रामाणिक होतं: जो येऊन भांडेल त्याच्यासाठी, आणि ज्याची एफडी आहे त्याच्यासाठी. म्हणजे चांगला ग्राहक हातचा जाऊ नये म्हणून त्याचे पाचशे परत होतात. ज्या बाईला पासबुकातली ओळ वाचता येत नाही, तिचे होत नाहीत. शुल्काच्या छापील तक्त्याबाहेरचा हा तक्ता कुठल्याच नोटीस बोर्डावर लागत नाही.

त्याच गप्पांत त्यांनी लेजर फोलिओ चार्जची आठवण काढली. जाड खातेवहीच्या एका पानावर साधारण चाळीस नोंदी बसत, आणि चालू किंवा कॅश क्रेडिट खात्याच्या व्यापाऱ्याकडून पानागणिक पैसे घेत. वह्या रद्दीत गेल्याला कितीतरी वर्षं झाली. कागद नाही, शाई नाही, कारकुनाचं वळणदार अक्षर नाही. पण पानाचे पैसे पुष्कळ बँकांच्या दरपत्रकात अजून आहेत, चाळीस नोंदींना एक पान या हिशेबासकट. किराणा दुकानदाराच्या यूपीआयच्या रोजच्या पन्नास नोंदींची किती पानं होतील, हे ज्याचं त्याने मोजावं.

गरिबांसाठीच्या खात्यांवरही शुल्काची वाट सापडतेच. शून्य शिल्लकीच्या मूलभूत खात्यातून महिन्याला चार वेळा पैसे काढणं मोफत. मुंबईच्या आयआयटीतले संख्याशास्त्राचे प्राध्यापक आशिष दास वर्षानुवर्षं बँकशुल्कांचे हिशेब तपासत आले आहेत. २०२१ मध्ये त्यांच्या अहवालाने दाखवलं, की स्टेट बँक अशा खात्यांत चारच्या पुढच्या प्रत्येक व्यवहाराला १७ रुपये ७० पैसे लावत होती, आणि तेही डिजिटल व्यवहारांनासुद्धा. पंधरा रुपये शुल्क आणि त्यावरचा जीएसटी. यूपीआयने वीस रुपयांची भाजी घेतली तरी १७ रुपये ७० पैसे. २०१५ ते २०२० मध्ये सुमारे बारा कोटी मूलभूत खात्यांतून तीनशे कोटींहून अधिक रुपये असे जमले, असा त्यांचा हिशेब होता. १ जानेवारी २०२० नंतर यूपीआय आणि रुपे व्यवहारांवर घेतलेलं शुल्क परत करा, असं केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने ऑगस्ट २०२० मध्ये बँकांना सांगितलं होतं. त्याआधीच्या पैशांचं घोंगडं भिजत राहिलं.

पण आज खालच्या मध्यमवर्गाला सर्वांत जास्त झोंबतो तो किमान शिल्लकीचा दंड राहिलेला नाही. मोबाइल, फ्रिज, दुचाकी सगळं हप्त्यावर येतं आणि हप्ता नॅच या बँकांच्या स्वयंचलित वसुली यंत्रणेमार्फत आपोआप वळता होतो. समजा हप्ता १,८५० रुपयांचा आणि खात्यात आहेत १,७९०. साठ रुपये कमी म्हणून हप्ता परत जातो. तुमची बँक हप्ता परत पाठवल्याचे पैसे घेते. बऱ्याच ठिकाणी अडीचशे अधिक जीएसटी, म्हणजे २९५. पासबुकात २९५ ही ओळ पाहिलेला माणूस घरटी एक सापडेल. कर्ज देणारी फायनान्स कंपनी तिचा बाउन्स चार्ज वेगळा लावते. तिने दोन दिवसांनी तोच हप्ता पुन्हा लावला आणि तेव्हाही पैसे नसले, तर पुन्हा २९५. साठ रुपयांची तूट आठवड्यात हजाराच्या घरात जाते. शिवाय १ ऑगस्ट २०२१ पासून नॅच आठवड्याचे सातही दिवस चालू असतं. हप्ता रविवारीही कापला जातो. कंत्राटदाराचं ऑफिस मात्र रविवारी बंद असतं.

अमेरिकेत हाच खेळ उलट्या अंगाने चालतो. तिथे शिल्लक कमी असली तरी बँक व्यवहार होऊ देते, आणि वरच्या रकमेला ओव्हरड्राफ्ट म्हणून प्रत्येक वेळी पस्तीस डॉलरच्या आसपास शुल्क लावते. तिथे दिल्याचे पैसे घेतात, आपल्याकडे न दिल्याचे. वेल्स फार्गो बँकेची युक्ती तर दाद देण्यासारखी होती. दिवसभरातले खर्च ज्या क्रमाने झाले त्या क्रमाने न वळवता ती सर्वांत मोठी रक्कम आधी वळवत असे. मोठ्या रकमेने खातं रिकामं झालं, की मागून येणारी कॉफी, बसचं तिकीट, सँडविच अशी प्रत्येक किरकोळ रक्कम स्वतंत्र ओव्हरड्राफ्ट ठरायची. २०१० मध्ये कॅलिफोर्नियातले न्यायाधीश विल्यम अल्सप यांनी बँकेला ग्राहकांचे वीस कोटी तीस लाख डॉलर परत करायचा आदेश दिला. पुढे डिसेंबर २०२४ मध्ये तिथल्या ग्राहक-वित्त संरक्षण विभागाने मोठ्या बँकांसाठी हे शुल्क पाच डॉलरवर आणणारा नियम केला. तो लागू होण्याआधीच काँग्रेसने रद्द ठरवला आणि मे २०२५ मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी त्यावर सही केली.

आपल्याकडे २०२५ चा उन्हाळा मात्र वेगळा गेला. जूनपासून कॅनरा बँकेने किमान शिल्लकीचा दंड काढला, आणि पाठोपाठ जुलैत पंजाब नॅशनल, बँक ऑफ बडोदा, इंडियन बँक यांनीही. ठेवी मिळेनाशा झाल्या की ग्राहकाची आठवण येते, असा अर्थ मी लावतो. इतक्यात ऑगस्टमध्ये आयसीआयसीआय बँकेने महानगरांतल्या आणि शहरांतल्या नव्या खात्यांसाठी दरमहा सरासरी पन्नास हजारांची अट घातली. गलका झाल्यावर १३ ऑगस्टला ती पंधरा हजारांवर आणली. मधल्या काळात रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर संजय मल्होत्रा यांना गुजरातेत पत्रकारांनी याबद्दल विचारलं. किमान शिल्लक किती हे बँकांनी ठरवायचं, ते आमच्या नियमनाच्या कक्षेत येत नाही, असं त्यांनी सांगितलं. १९९९ मध्ये सोडलेला धागा अजून तिथेच लोंबतो आहे.

लोकपालाकडेही हीच भिंत लागते. नोव्हेंबर २०२१ पासून देशभरासाठी एकच एकात्मिक लोकपाल योजना आहे. बँकेकडे लेखी तक्रार करून तीस दिवसांत दाद लागली नाही तर तिथे फुकट तक्रार करता येते. पण बँकेचा व्यापारी निर्णय असेल तर ती तक्रार लोकपालाच्या कक्षेबाहेर. दंड पाचशे का, असं विचाराल तर कागद परत येईल. दंड लावण्याआधी मला कळवलं का, महिन्याची मुदत दिली का, दंड तुटीच्या प्रमाणात आहे का, असं विचाराल तर उत्तर द्यावं लागतं, कारण तो रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे. तक्रार दंडाच्या रकमेची न करता पद्धतीची करायची, हे त्या निवृत्त साहेबांनीच सांगितलं.

आणखी एक वाट आहे, आणि बँका ती आपण होऊन सांगत नाहीत. मूलभूत बचत ठेव खातं कुणालाही उघडता येतं. त्याला उत्पन्नाची किंवा वयाची अट नाही आणि खासगी बँकेलाही ते नाकारता येत नाही. चालू असलेलं साधं बचत खातंही त्यात बदलून घेता येतं. फक्त त्याच बँकेत दुसरं बचत खातं ठेवता येत नाही. असेल तर तीस दिवसांत बंद करावं लागतं. काउंटरवर बहुधा ऐकायला मिळतं, “ते जनधनवाल्यांचं, तुमचं होणार नाही.” अशा वेळी अर्ज दोन प्रतींत करावा, एका प्रतीवर तारखेसकट पोच घ्यावी, आणि होणार नाही हे त्याच कागदावर लिहून मागावं.